दिव्याची तारीख

यातोमीत समुद्र जमिनीहून उंच आहे.
बांधापलीकडे तो, अलीकडे आम्ही,
आणि आमच्या मधोमध सोनमाशांची चौकोनी तळी,
इतकी सपाट, की स्कूटरवरून जाताना वाटतं
कुणी आभाळाचेच वाफे पाडलेत.

माझं काम दिवे बदलायचं.
वर्षातून एकदा, जुलैत.
पंप बंद, वीज बंद, झाकणाचे आटे सोडवायचे,
काचेची नळी अलगद बाहेर ओढायची,
तिच्यावर चढलेला पांढरा क्षार
व्हिनेगरच्या फडक्याने पुसायचा.
महिनाभर माझ्या बोटांना आंबट वास येतो.
लेक म्हणते, आई, भात तू वाढू नकोस.

लोक विचारतात, अहो बाई,
दिवा तर छान लागतोय, मग बदलायचा कशाला?
मी दर दारात तेच सांगते.
जे दिसतंय ते कामाचं नाही.
निळा उजेड म्हणजे नुसती दारावरची पाटी,
आतला माणूस केव्हाच बिऱ्हाड हलवून गेलेला असतो.
जो किरण पाण्यातलं शेवाळ कणाकणाने मोडतो,
माशाच्या अंगावर बसायच्या आत
किड्याला वाटेतच गाठतो,
तो दिसत नाही.
(उघडा दिवा बघायला जाऊ नका. डोळे जातील.)
आणि वर्ष भरत आलं की
तो हळूहळू उतरतो,
कुणाला न सांगता.

यादीत शेवटचं नाव तोकुझो मिझोगुची.
त्यांच्या तळ्याचं पाणी
गाळायचं राहिलेल्या हिरव्या चहासारखं.
खालून एक लाल डाग वर येतो,
तोंड उघडतो, मिटतो,
पुन्हा हिरव्यात बुडतो.
मासा आहे हे आपण मानून चालायचं.

दिव्याच्या नळकांड्यावर चिकटपट्टी,
तिच्यावर सुमिएबाईंचं बारीक अक्षर:
बदलला, जुलै, नऊ तारीख.
पुढच्या वर्षी विसरायचं नाही.
त्याला आता तीन जुलै झाले.

या दोघांचं भांडण मी ऐकलेलं आहे,
पाना हातात धरून, मान खाली घालून.
ते म्हणायचे, माझ्या बापाचं पाणी हिरवं होतं,
हिरव्यातच माशाला रंग चढतो,
तू पाणी धुऊन काढतेस.
आणि त्या म्हणायच्या,
मासे पाळायचे आणि बघायचे नाहीत,
हा कुठला शहाणपणा?
दिवा त्यांनी स्वतःच्या पैशांनी आणला होता,
एल्म्याचे डबे विकून.
नाही, ईलचे. ईल माशाचे, भाजलेल्या.
मला त्या मोजके दोन तुकडे जास्त द्यायच्या.

आता म्हाताऱ्याला अडवणारं कोण?
एक बटण दाबलं की दिवा बंद.
पण नळकांड्याच्या बोटभर खिडकीतून
निळं अजून दिसतं,
रात्री शेजारच्यांनाही दिसतं म्हणे.

मी नवा दिवा खोक्यातून काढला.
ते माझ्याकडे नाही, तळ्याकडे बघत म्हणाले,
नळी तेवढी पूस. दिवा तोच बसव.

मी म्हणणार होते की आजोबा,
त्यात आता काही उरलेलं नाही,
मारत नाही तो, विजेचं बिल फुकट.
तोंडावर आलं होतं.
मग हिरव्यातून तो लाल डाग वर आला,
चांगला तळहाताएवढा झालेला,
आणि मी नळी पुसली.
जरा जास्तच वेळ पुसली.
जुना दिवा आत सरकवला, आटे आवळले,
चिकटपट्टीचं सुटलेलं टोक
अंगठ्याने दाबून बसवलं.
पंप घरघरला. निळं आलं.

फॉर्मवर दोन रकाने असतात.
दिवा लागतो का? हो, लिहिलं.
दिवा काम करतो का?
पेन तिथेच होतं,
तेवढ्यात त्यांनी कलिंगडाची फोड पुढे केली.

फोड थंडगार होती,
आणि माझ्या हातांमुळे
थोडी व्हिनेगरची लागली.